शस्त्रक्रियेसाठी लोकवर्गणी : हक्क, दान आणि बिलाबाहेरचा खर्च – भंडारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

सारांश

आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांच्या शस्त्रक्रियेसाठी समाजाकडून पैसा उभारण्याची प्रथा नवी नाही. आंतरजालामुळे तिचे स्वरूप मात्र पालटले आहे. प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात शासकीय योजना, धर्मादाय रुग्णालयांवरील बंधने आणि समूहनिधी यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला असून, निधी कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या खर्चासाठी उभारला जावा, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : समूहनिधी, लोकवर्गणी, जन आरोग्य योजना, निर्धन रुग्ण, भंडारा जिल्हा.

१. प्रस्तावना

गंभीर आजाराचे निदान झाले की सामान्य कुटुंबापुढे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. रोग बरा होईल काय, हा पहिला. आणि पैसा कोठून आणावयाचा, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेळेत मिळाले नाही तर पहिल्याचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या हाती राहत नाही. शेती गहाण पडते, दागिने सावकाराकडे जातात किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते.

भारतातील एकूण आरोग्यखर्चापैकी रुग्णाने स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचे प्रमाण राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. २०२१-२२ पर्यंत ते ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट दिलासादायक असली, तरी शंभरातील जवळपास चाळीस रुपये अद्याप घरातूनच जातात. शस्त्रक्रियेच्या बाबतीत हा भार एकाच वेळी आणि पूर्वसूचनेशिवाय येऊन पडतो. तो पेलण्यासाठी गेल्या दीड दशकात क्राउडफंडिंग, म्हणजेच आंतरजालाद्वारे उभारला जाणारा समूहनिधी, हा मार्ग पुढे आला. भ्रमणध्वनीवर येणारी आजारी बालकाची छायाचित्रे आणि मदतीची आवाहने आता महाविद्यालयातील शिक्षकांच्या परिचयाची झाली आहेत. पुष्कळदा ही आवाहने त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या घरातून येतात. अशा वेळी पैसे द्यावेत की नाही, एवढाच विचार केला जातो. त्याआधी विचारावयाचे काही प्रश्न असतात आणि रुग्णाचे हित बहुधा त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

२. लोकवर्गणीची परंपरा

वर्गणी ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नाही. उत्सव, देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत किंवा तालीम यांसाठी गावाने वर्गणी काढण्याचा रिवाज जुना आहे. विदर्भात जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनाच्या निमित्ताने जमलेल्या लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने काम करणाऱ्या मिशनच्या मुंबईतील दादर येथील धर्मशाळेत टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अल्प खर्चात राहतात. उपचार जेथे होतो तेथे राहावे कोठे, हा गरिबाचा प्रश्न वैद्यकीय बिलाइतकाच खरा आहे, ही जाण या कामामागे दिसते.

वर्गणीचा दुसरा आणि अधिक पद्धतशीर नमुना वर्धा जिल्ह्यात घडला. सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी परिसरातील गावांसाठी आरोग्य विम्याची एक योजना सुरू केली. तिच्या उभारणीत डॉ. उल्हास जाजू यांचा पुढाकार होता. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ज्वारीच्या रूपाने वर्गणी द्यावयाची, ज्याच्याकडे जमीन अधिक त्याने अधिक द्यावयाचे, आणि आजारपणात मात्र सर्वांना गरजेनुसार सेवा मिळावयाची, असे तिचे सूत्र होते. गावातील बहुतांश कुटुंबे सहभागी झाली, तरच त्या गावाला योजना लागू होत असे. धान्य हाती असते तेव्हा द्यावे आणि आजार येईल तेव्हा घ्यावे, अशी ही साधी रचना होती.

या दोन्ही उदाहरणांतील वर्गणी आजार येण्यापूर्वीच जमा झालेली आहे. दादरच्या धर्मशाळेत उतरणाऱ्या रुग्णाला स्वतःची कहाणी जगापुढे मांडावी लागत नाही. सेवाग्रामच्या शेतमजुराला आपण मदतीस पात्र आहोत हे पटवून द्यावे लागत नाही. आंतरजालावरील समूहनिधी मात्र आजारानंतर सुरू होतो. एका अर्थी तो घटना घडून गेल्यावर उतरविलेला विमा आहे. त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या दोहोंचे मूळ यातच आहे.

३. समूहनिधीची कार्यपद्धती

भारतात बंगळूर येथील मिलाप ही संस्था २०१० मध्ये, मुंबईची केट्टो २०१२ मध्ये आणि इम्पॅक्टगुरू २०१४ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये यूपीआय ही देयकप्रणाली आल्यानंतर दहा-वीस रुपयांची देणगीही क्षणात पाठविणे शक्य झाले आणि या मंचांचा विस्तार वाढला.

मोहिमेची रीत सामान्यतः पुढीलप्रमाणे असते. रुग्णाचे नातेवाईक रुग्णालयाकडून अपेक्षित खर्चाचे पत्र घेतात. निदानाची कागदपत्रे, ओळखपत्र, छायाचित्रे आणि आजाराची हकिकत मंचाकडे सादर केली जाते. मंच कागदपत्रांची पडताळणी करून मोहिमेचे पान प्रसिद्ध करतो. पुढे नातेवाईक, मित्र आणि अपरिचित दाते यांच्यापर्यंत ते पोहोचविण्याचे काम समाजमाध्यमांवर चालते. जमलेली रक्कम रुग्णालयाच्या किंवा कुटुंबाच्या खात्यात वळती होते. मंचाचे सेवाशुल्क, देयकप्रक्रियेचे शुल्क आणि त्यांवरील कर यांचा भार कोणावर पडतो, हे मंचागणिक व मोहिमेगणिक वेगळे असते; त्यामुळे ते आरंभीच लेखी समजून घेणे इष्ट ठरते.

रचनेचा एक वेगळा नमुना वॉटसी या अमेरिकी संस्थेने २०१२ मध्ये पुढे आणला. तुलनेने कमी खर्चाच्या व लाभाची खात्री असलेल्या शस्त्रक्रियांचीच तेथे निवड होते आणि रुग्णाची निवड व वैद्यकीय तपासणी त्या त्या देशातील सहयोगी रुग्णालये करतात. रुग्णाच्या कुटुंबाला स्वतः मोहीम चालवावी लागत नाही. प्रचार करण्याचे कौशल्य नसलेला रुग्ण यामुळे मागे पडत नाही.

४. भंडारा जिल्ह्याचे वास्तव

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाल्यानंतर भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा म्हणून ओळखला जातो. धानाची शेती, शेतमजुरी, विडी वळणे, कोशाचे विणकाम आणि तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी ही येथील उपजीविकेची काही साधने होत. यांतील बहुतेकांची मिळकत रोजंदारीची किंवा हंगामी आहे. धान विकले गेल्यावर घरात रोकड येते. रोवणीच्या दिवसांत ती संपलेली असते. आजार मात्र हंगाम पाहून येत नाही.

वैद्यकीय भूगोलही लक्षात घेतला पाहिजे. हृदय, मेंदू, मूत्रपिंड किंवा कर्करोग यांच्या शस्त्रक्रियांसाठी भंडाऱ्याचा रुग्ण मुख्यत्वे नागपूरला जातो. भंडारा शहरापासून नागपूर सुमारे ६० किलोमीटर आहे. परंतु लाखांदूर किंवा तुमसर तालुक्याच्या टोकावरील गावातून निघणाऱ्यास त्याआधीचाही प्रवास करावा लागतो. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याला जोडलेले अतिविशेषोपचार रुग्णालय, मेयो या नावाने ओळखले जाणारे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अशा सार्वजनिक संस्था आहेत. २०२४ मध्ये भंडारा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभ झाला. कालांतराने त्यामुळे हे अंतर कमी होईल, अशी अपेक्षा आहे.

विदर्भाच्या पूर्व भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात रक्तपुरवठा खुंटून खुब्याचे हाड निकामी होणे किंवा पित्ताशयात खडे होणे अशा गुंतागुंती उद्भवतात आणि त्यांसाठी तरुण वयातच शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. अशा रुग्णाचा प्रश्न एका शस्त्रक्रियेने संपत नाही. त्याला आयुष्यभर वैद्यकीय देखरेख लागते.

५. निधीपूर्वीचा हक्क

समूहनिधीचा विचार करण्यापूर्वी कायद्याने व शासकीय निर्णयांनी रुग्णाला काय मिळावयास हवे, हे पाहणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात तातडीचे उपचार वेळेवर मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि आर्थिक अडचणीची सबब शासनाला पुढे करता येणार नाही, असे स्पष्ट केले.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. भंडाऱ्यासह उर्वरित जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली. तीत ९७१ उपचारांसाठी प्रतिकुटुंब प्रतिवर्षी दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. १ एप्रिल २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपये करण्यात आली, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट शिथिल होऊन राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली झाली. ही विस्तारित योजना १ जुलै २०२४ पासून अमलात आली. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो आणि १५५३८८ या क्रमांकावर माहिती मिळते.

बालकांसाठी वेगळी तरतूद आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाड्या व शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. जन्मजात हृदयदोष, दुभंगलेले ओठ व टाळू अशा दोषांवरील शस्त्रक्रियांसाठी मुलांना पुढे पाठविले जाते. भंडाऱ्याहून मुंबई–हावडा लोहमार्गाने गाठता येणाऱ्या रायपूरजवळ, नवा रायपूर येथे, श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात २०१२ पासून हृदयशस्त्रक्रिया पूर्णतः विनामूल्य केल्या जातात आणि ते आज बालहृदयरुग्णांसाठी ओळखले जाते.

धर्मादाय रुग्णालयांवरील बंधन हा तिसरा आधार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये व मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यावयाच्या आहेत. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करण्याचेही बंधन आहे. तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. यांखेरीज मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी यांतून अंशतः मदत मिळू शकते.

या सर्व तरतुदींत एक समान गोष्ट आहे व ती सहसा दुर्लक्षित राहते. बहुतेक हक्क शस्त्रक्रियेपूर्वी बजावावे लागतात. जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयाने आधी मंजुरी घ्यावी लागते; अन्यत्र भरलेले बिल नंतर परत मिळत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीतील मदतही उपचार इतर योजनांत बसत नसल्यास आणि रुग्ण उपचार घेत असतानाच अपेक्षित असते. समजा, एखाद्या कुटुंबाने घाईत अंगीकृत नसलेल्या रुग्णालयात रुग्ण दाखल केला, लोकांकडून दोन लाख रुपये गोळा केले आणि बिल भरले. त्या शस्त्रक्रियेपुरता त्या कुटुंबाचा हक्क संपला. दात्यांचे दोन लाख अशा कामी गेले, जे कदाचित शासकीय खर्चाने झाले असते. पुढील औषधांसाठी त्याच दात्यांकडे पुन्हा जाण्याचे धैर्य कुटुंबाला सहसा होत नाही.

६. बिलाबाहेरचा खर्च

शस्त्रक्रिया विनामूल्य झाली म्हणजे कुटुंबाचा खर्च शून्य झाला, असा समज प्रचलित आहे. जागतिक शस्त्रक्रियेविषयी लॅन्सेट आयोगाने २०१५ मध्ये सादर केलेल्या अहवालातून वेगळे चित्र दिसते. शस्त्रक्रियेच्या व भुलीच्या थेट खर्चामुळे जगात दरवर्षी ३ कोटी ३० लाख लोक आर्थिक अरिष्टात सापडतात. प्रवास, निवास, भोजन अशा वैद्यकेतर खर्चामुळे अरिष्टात सापडणाऱ्यांची संख्या आणखी ४ कोटी ८० लाख आहे. बिलापेक्षा बिलाबाहेरचा खर्च अधिक कुटुंबांना बुडवितो, असा याचा अर्थ होतो.

भंडारा जिल्ह्यातील एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. शेतमजूर कुटुंबातील एका स्त्रीच्या हृदयाची झडप बदलावयाची आहे. शस्त्रक्रिया नागपूर येथे योजनेतून होते आणि बिल भरावे लागत नाही. तिच्यासोबत दोन व्यक्ती वीस दिवस थांबतात आणि ती स्वतः साठ कामाचे दिवस मजुरीवर जाऊ शकत नाही. एकूण शंभर दिवसांची मजुरी बुडाली. २०२५-२६ मध्ये राज्यातील रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ही रक्कम ३१,२०० रुपये होते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या खेपा, नातेवाईकांचे जेवण व निवास आणि निदानापूर्वी खासगी दवाखान्यांत केलेल्या चाचण्या यात धरलेल्या नाहीत.

याहून महत्त्वाचा खर्च यानंतर सुरू होतो. कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रुग्णाला रक्त गोठू नये म्हणून आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांची मात्रा योग्य आहे काय, हे पाहण्यासाठी ठरावीक कालावधीने रक्ताची चाचणी करावी लागते. मात्रा कमी पडल्यास झडपेवर गुठळी धरते, अधिक झाल्यास रक्तस्राव होतो. योजनेतील पाठपुराव्याची मुदत सर्वसाधारणपणे रुग्णालयातून सुटल्यानंतर दहा दिवसांची असते. त्यापुढील काळात गोळी आणि चाचणी यांची सोय झाली नाही, तर लाखो रुपयांची शस्त्रक्रिया काही शे रुपयांअभावी वाया जाऊ शकते आणि रुग्णाचा जीवही जाऊ शकतो.

समूहनिधीच्या मोहिमा या खर्चाविषयी सहसा बोलत नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख ही मोहिमेची परिसीमा असते. ती पार पडल्यावर आभाराचा संदेश जातो आणि दात्यांचे लक्ष दुसरीकडे वळते. नियमित गोळ्यांसाठी किंवा बसभाड्यासाठी केलेले आवाहन मन हेलावून सोडत नाही. म्हणून ते केलेच जात नाही.

७. समूहनिधीच्या मर्यादा

समूहनिधीने काही असाध्य वाटणारी कामे साध्य केली आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०२१ च्या प्रारंभी मुंबईतील एका पाच-सहा महिन्यांच्या बालिकेला स्नायूंच्या दुर्मीळ आनुवंशिक विकारावरील जनुकीय औषध देण्यासाठी सुमारे १६ कोटी रुपये लोकांकडून जमा झाले आणि केंद्र शासनाने त्यावरील कर माफ केले. त्याच वर्षी पुणे परिसरातील दुसऱ्या बालिकेसाठीही तसाच निधी उभा राहिला. औषध मिळाले, तथापि काही आठवड्यांनी तिचा मृत्यू झाला. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात केंद्र शासनाने स्वतःच ऐच्छिक समूहनिधीसाठी संकेतस्थळाची तरतूद केली. निवडक उत्कृष्टता केंद्रांत मिळणारी शासकीय मदत पुढे २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. औषधाच्या किमतीशी तुलना करता ही मदत अपुरी राहते आणि दुर्मीळ आजारांच्या बाबतीत समूहनिधीला आज पर्याय दिसत नाही.

तथापि, अपवादात्मक यशावरून सर्वसाधारण अनुभवाचे अनुमान करणे योग्य नव्हे. अमेरिकेतील लॉरेन बर्लिनर आणि नोरा केनवर्दी यांनी गोफंडमी या मंचावरील २०० वैद्यकीय मोहिमांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. दहापैकी सुमारे नऊ मोहिमा आपले उद्दिष्ट गाठू शकल्या नव्हत्या. केनवर्दी व मार्क इग्रा यांनी २०१६ ते २०२० या काळातील चार लाखांहून अधिक मोहिमांचे परीक्षण केले. त्यांतही उद्दिष्ट गाठणाऱ्या मोहिमा १२ टक्क्यांच्या आतच होत्या, तर सुमारे १६ टक्के मोहिमांना एकही देणगी मिळाली नाही. अधिक उत्पन्नाच्या प्रदेशांतील मोहिमांना अधिक पैसा मिळतो, असेही त्यातून दिसले.

याची कारणे समजण्याजोगी आहेत. देणगीचा पहिला ओघ परिचितांकडून येतो आणि गरिबाचे परिचितही बहुधा गरीबच असतात. मोहाडीच्या विणकराची ओळख विणकरांशी असते. शहरातील अभियंत्याची ओळख पगारदारांशी असते. दोघांचा आजार सारखा असला तरी दोघांचा निधी सारखा होत नाही. शिवाय आवाहन लिहिण्याची भाषा, चित्रफीत तयार करण्याचे कौशल्य आणि आंतरजालाचा सराव हेही पैशात रूपांतरित होतात. लहान मुलाचा आजार दात्याला द्रवित करतो. प्रौढ मजुराचा हर्निया, वृद्धेचा मोडलेला खुबा किंवा मानसिक आजार तसे करीत नाही. रुग्णाचे छायाचित्र, नाव आणि निदान आंतरजालावर कायमचे राहते. तरुण मुलीच्या बाबतीत त्याचे सामाजिक परिणाम पुढील आयुष्यात भोगावे लागू शकतात.

आणखी एक मर्यादा मूलभूत स्वरूपाची आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात लागलेल्या आगीत १० बालकांचा मृत्यू झाला. एका बालकाच्या शस्त्रक्रियेसाठी लोक पैसा देतात; परंतु कक्षातील विद्युत व्यवस्था, अग्निसुरक्षा, रात्रपाळीतील परिचारिकांची पुरेशी संख्या यांसाठी कोणी आवाहन करीत नाही आणि करून ते भागण्यासारखेही नाही. ही कामे सार्वजनिक अर्थसंकल्पाचीच आहेत. व्यक्तिगत आवाहनांच्या गर्दीत या मागणीचा आवाज क्षीण होणे, ही समूहनिधीची न दिसणारी किंमत होय.

८. महाविद्यालयाची भूमिका

ग्रामीण भागात प्राध्यापक हा विश्वासाने सल्ला विचारला जाणारा माणूस असतो. विद्यार्थ्याच्या घरी आजार आला, तर आवाहनाचा मजकूर लिहून देण्याची विनंती त्याच्याकडेच येते. वरील विवेचनावरून अशा वेळी पाळावयाचा क्रम निश्चित करता येतो.

पहिले काम हक्काच्या तपासणीचे. शस्त्रक्रिया जन आरोग्य योजनेच्या यादीत आहे काय, कोणत्या अंगीकृत रुग्णालयात होते, रुग्ण १८ वर्षांखालील असल्यास बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे नोंद झाली आहे काय, आणि रुग्णालय धर्मादाय असल्यास निर्धन रुग्णाची खाट मागितली आहे काय, हे प्रश्न निधीपूर्वी विचारावेत. शिधापत्रिका, आधार आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला यांतील त्रुटी बहुतेक वेळी विलंबास कारण होतात. त्या दूर करण्यास मदत करणे ही मोठी देणगी ठरते. मोठ्या शासकीय रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाची भेट या टप्प्यावर उपयुक्त असते. अपघात, पक्षाघात अशा तातडीच्या प्रसंगी मात्र रुग्णाला जवळच्या सक्षम रुग्णालयात हलविणे हे प्रथम कर्तव्य होय; कागदपत्रांची जुळवाजुळव नंतर, पण रुग्ण दाखल असतानाच व्हावी.

दुसरे काम खर्चाच्या मांडणीचे. योजनेतून काय भागते आणि काय उरते, याचा तक्ता कुटुंबासोबत करावा. त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या किमान एका वर्षाची औषधे, चाचण्या, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा समावेश असावा. वर्गणीचे उद्दिष्ट या उरलेल्या रकमेइतके ठेवावे. असे केल्यास पुष्कळदा लाखांचे उद्दिष्ट हजारांवर येते आणि महाविद्यालय, गाव व नातेवाईक यांच्या वर्गणीतून ते आंतरजालावर न जाताही पूर्ण होऊ शकते.

तिसरे काम हिशेबाचे. उपचाराची रक्कम शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा व्हावी. नातेवाईक नसलेल्यांकडून एका वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम व्यक्तीच्या नावे आल्यास ती प्राप्तिकराच्या हिशेबात येऊ शकते. म्हणून मोठ्या रकमेच्या बाबतीत लेखापालाचा सल्ला घ्यावा. व्यक्तीला दिलेल्या मदतीवर दात्याला करसवलत मिळत नाही. ती मान्यताप्राप्त संस्थेमार्फत दिलेल्या देणगीवर मिळू शकते. धर्मादाय कारणासाठी जनतेकडून निधी गोळा करताना विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क मधील परवानगीची तरतूदही पाहावी. गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना ती परिचित असते. जमाखर्च दात्यांपुढे ठेवणे आणि उरलेली रक्कम कोठे जाईल हे आधीच जाहीर करणे, यांवर पुढील रुग्णाला मिळणारा विश्वास अवलंबून असतो.

चौथे काम संमतीचे. रुग्णाचे छायाचित्र व निदान प्रसिद्ध करण्यापूर्वी, तो सज्ञान असल्यास, त्याची स्वतःची संमती घ्यावी. विद्यार्थी रुग्ण असल्यास वर्गात नाव न घेताही वर्गणी काढता येते.

याखेरीज महाविद्यालयाला कायमस्वरूपी काही करता येईल. सेवाग्रामच्या ज्वारीचे तत्त्व येथे मार्गदर्शक ठरते. प्रवेशाच्या वेळी किंवा वेतनातून अल्प रकमेची ऐच्छिक वर्गणी दरवर्षी जमा झाली, तर विद्यार्थ्यांच्या कुटुंबांच्या बिलाबाहेरच्या खर्चासाठी छोटा निधी तयार राहील व कोणालाही आपले दुःख फलकावर लावावे लागणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी दत्तक गावांत योजनांची माहिती, अंगीकृत रुग्णालयांची यादी आणि आवश्यक कागदपत्रांची तपासणी हा उपक्रम घेतल्यास हक्क आजारापूर्वीच बजावण्यायोग्य होतील.

९. समारोप

समूहनिधी हे करुणेचे प्रभावी साधन आहे. दुर्मीळ आजार, अवयव प्रत्यारोपण किंवा योजनेच्या मर्यादेपलीकडील उपचार यांसाठी त्याची गरज आज नाकारता येत नाही. परंतु जेथे हक्काने उपचार मिळू शकतो तेथे आधी वर्गणी काढल्यास हक्क बुडतो, दात्यांचा पैसा चुकीच्या ठिकाणी खर्च होतो आणि ज्या खर्चासाठी खरोखर कोणी उभे नसते तो खर्च कुटुंबाच्याच माथी राहतो. भंडाऱ्यासारख्या रोजंदारीच्या व धानाच्या जिल्ह्यात हा खर्च बुडालेल्या मजुरीचा, नागपूरच्या खेपांचा आणि वर्षानुवर्षे घ्यावयाच्या गोळ्यांचा आहे. लोकवर्गणीचे खरे क्षेत्र तेच होय. पुढच्या वेळी मदतीचे आवाहन शिक्षक-कक्षात येईल, तेव्हा रकमेच्या आकड्याआधी शिधापत्रिका, रुग्णालयाचे नाव आणि शस्त्रक्रियेची तारीख विचारली गेली, तर दिलेला रुपया दात्याच्या मनातील हेतूपर्यंत पोहोचण्याची शक्यता कितीतरी वाढेल.